तालुक्याला बीजीएमआयची टूर्नामेंट घ्यायचीये? मग आधी राउटर मोजा

बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा टीम करून खेळायचा गोळीबाराचा गेम. त्याची पहिली टूर्नामेंट आम्ही चोपड्याला मे महिन्यात घेतली होती. खान्देशातला माणूस इथेच हसणार, माहितीये मला. पोरांना सुट्ट्या असतात एवढाच हिशोब केला होता आम्ही. वर पत्रा, बाहेर ४४ डिग्री, दुसऱ्या मॅचच्या मध्यावर एकेक फोनने मान टाकायला सुरुवात केली, स्क्रीन आपोआप काळपट, गेम अडकत अडकत चाललाय, एक पोरगा तर थंड पाण्याच्या जारला फोन टेकवून उकिडवा बसून खेळत होता. त्यात नेट गेलं, त्यात कोणीतरी गेममधल्या रूमचा (आपल्यापुरती वेगळी मॅच लावायची जागा) पासवर्ड व्हॉट्सॅपवर टाकला आणि लॉबीत बाहेरचेच पंधरा-वीस जण घुसले. संध्याकाळी बक्षिसाचे पैसे सगळ्या टीमांत वाटून दिले, शेवभाजी खाल्ली आणि गपचूप घरी गेलो.

त्यानंतर दोन घेतल्या, दोन्ही नीट झाल्या. माझा धंदा कॅमेरे बसवायचा आणि ब्रॉडबँडच्या वायरी ओढायचा, गेम मी काही फार बरा खेळत नाही, केडी (एकदा मरेपर्यंत किती जणांना मारतो तो हिशोब) विचारू नका. त्यामुळे इथे जिंकायच्या ट्रिका मिळणार नाहीत, त्या शिकवणारे यूट्यूबवर ढिगाने पडलेत. एक हॉल, एक दिवस, ६४ पोरं, ६४ फोन, हे भांडण न होता कसं पार पाडायचं तेवढंच सांगतो.

पैशाचं आधी बोलून घ्या

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते बसतात हे काय लपून राहिलेलं नाही. त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला "फोनवरच्या गेमची स्पर्धा, बक्षीस ११ हजार" एवढं सांगितलं की त्याच्या डोक्यात पहिला पत्त्याचा डावच येतो. आणि खरं सांगू का, त्याचं अगदीच चुकत नाही. आजूबाजूला बऱ्याच टूर्नामेंटी अशाच चालायच्या, टीममागे २०० रुपये एन्ट्री, जमलेल्या पैशातून थोडे आपल्या खिशात आणि उरलेले जिंकणाऱ्याला.

हे आता अजिबात करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी आहे, मग तो गेम नशिबाचा असो नाहीतर डोक्याचा. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत जेल आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, नुसती जाहिरात केली तरी २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. ईस्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यात वेगळी जागा दिलीये, तिथे भाग घ्यायची फी चालते, पण त्यासाठी गेमची मान्यता आणि नोंदणी लागते आणि कोणीही कुठलीही पैज लावलेली चालत नाही. तालुक्याच्या चार पोरांनी ह्या बारकाव्यात शिरूच नये असं माझं मत आहे. एन्ट्री शून्य ठेवा. बक्षीस स्पॉन्सरकडून घ्या. विषय संपला.

स्पॉन्सर मिळतो हो. मोबाईल दुकान तर मिळतंच, पण आम्हाला सगळ्यात जास्त पैसे दिले कृषी केंद्रवाल्याने, त्याचा मुलगाच एका टीममध्ये होता (त्याची टीम तेरावी आली, तरी काका पुढच्या वर्षी परत आले). केळीवाले, डेअरीवाले, क्लासवाले, सगळ्यांना विचारा. फक्त पैजेच्या किंवा फँटसी ॲपचा कुठला एजंट बॅनर लावायला आला तर चहा पाजून रवाना करा. आणि हॉलमध्ये माईकवरून दोनदा सांगा की प्रेक्षकांनी आपसात पैज लावली तर बाहेर. आम्हाला एकदा दोघांना खरंच बाहेर काढावं लागलं.

गेमची जी कंपनी आहे तिचेसुद्धा बाहेरच्यांनी टूर्नामेंट घ्यायचे नियम असतात, ते साइटवर वाचा, मेल टाका आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून ठेवा. भोंगा लावणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज. हॉलची पावती.

हॉलवाल्याला कसं पटवायचं

आम्ही ज्या मंगल कार्यालयात गेलो तिथल्या ट्रस्टी आप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पबजी शे ना हाई? ते तं बंद व्हयेल शे ना?" आप्पांचं बरोबरच होतं. पबजी सप्टेंबर २०२० ला बंद झाला. जुलै २०२१ ला बीजीएमआय म्हणून नव्या नावाने आला, जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ ला परत आला. एवढं सगळं आप्पांना सांगत बसलो असतो तर हॉल मिळालाच नसता. मी सांगितलं की डिसेंबर २०२२ पासून ईस्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा खात्याकडे आहे, २०२३ ला चीनमध्ये हांगझोऊला झालेल्या एशियन गेम्समध्ये ह्याची खरोखरची मेडलं होती, आणि त्याच्याही आधी २०१८ ला जकार्ताला हा प्रकार नुसता प्रदर्शनी होता तेव्हा भूजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन नावाच्या गेममध्ये ब्राँझ आणलं होतं. भूज म्हटल्यावर आप्पा जरा सरळ बसले, आपल्यासारखंच छोटं गाव ना. हॉल अर्ध्या भाड्यात मिळाला.

ह्या बंद-चालूच्या नाटकामुळे एक धडा, फ्लेक्स दोन महिने आधी छापू नका. आठवडाभर आधी छापा.

गेम आणि तारीख ठरवा

बीजीएमआय घ्यायचा की फ्री फायर मॅक्स, हे तुमच्या भागातले फोन बघून ठरवा. शहादा, तळोद्याकडच्या खेड्यांतून पोरं येणार असतील तर बऱ्याच जणांकडे कमी रॅमचे फोन असतात, तिथे फ्री फायर मॅक्स बरा. त्यात १२ टीम, ४८ पोरं आणि मॅच साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. बीजीएमआयला १६ टीम, ६४ पोरं, मॅच अर्धा तास धरा. पुढचं सगळं मी बीजीएमआय धरून सांगतोय.

तारीख डिसेंबर-जानेवारीतलीच. केळीची काय, कापसाची काय, वेचणी-कापणी चालू असते हे खरं, पण रविवार पकडला की जमतं. उन्हाळ्यातच घ्यायची असेल तर सकाळी ७ ला सुरू करून ११ ला संपवायची तयारी ठेवा. आयफोनच्या कंपनीने तर लिहूनच दिलंय की फोन ० ते ३५ डिग्रीत वापरा, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये ३५ म्हणजे सकाळचे साडेनऊ.

नेट, इथेच सगळे मरतात

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "भो, स्पीड किती पाहिजे?" स्पीडचं एवढं नसतं रे. ह्या गेमला तासाला शंभर एमबीसुद्धा लागत नाही, ६४ फोन एकदम खेळले तरी १५-२० एमबीपीएसच्या पुढे काम जात नाही. आम्ही पहिल्या वर्षी ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेऊन छाती फुगवून बसलो होतो आणि तरी पिंग, म्हणजे फोनवरून गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांच्या घरात. कारण राउटर एकच होता, घरगुती, कोपऱ्यात खिळ्याला लटकवलेला.

वायफाय म्हणजे ग्रामसभेतला एकुलता एक माईक समजा. एका वेळी एकच जण बोलणार, बाकीच्यांनी थांबायचं. १०-१५ जण असतील तर चालून जातं, ६४ जण झाले की प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो, आणि गेममध्ये उशीर म्हणजे तू गोळी मारलीस तेव्हा समोरचा भिंतीमागे पोहोचलेला असतो. म्हणून माईक वाढवायचे.

आम्ही आता असं करतो. चार ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे डबे), प्रत्येकावर चार टीम म्हणजे १६ फोन. चारही वायरने एका स्विचला (नेटच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) जोडलेले, कॅट ६ केबल, ती १०० मीटरपर्यंत आरामात जाते. एका वायफायवरून दुसरं वायफाय उचलणारे रिपीटर घेऊन कोणी आलं तर त्याला हात जोडा, त्याने माईक वाढत नाही, उलट तोच माईक दोनदा वापरला जातो. चौघांची नावं वेगळी ठेवा, टेबल १-४, टेबल ५-८ अशी, पासवर्डही वेगळे.

सगळे फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्या. सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवर सोडू नका, हाताने ३६, ४४, १४९, १५७ असे चार वेगवेगळे टाका, चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवा, ८० नको, नाहीतर शेजारचे दोन एकमेकांच्या अंगावर येतात. काही स्वस्त फोनला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, ते कोणते हे नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवा. त्यांना २.४ वर घ्यायचं, तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांना त्रास देत नाहीत.

प्रेक्षकांना वायफाय नाही. कोणालाच नाही. स्पॉन्सरच्या पुतण्यालाही नाही. आम्ही एकदा भिडेखातर दिलं आणि त्याने मागच्या खुर्चीत बसून अख्खा पिक्चर डाउनलोडला लावला होता.

दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं घ्या, आणि दोघांच्या फायबरच्या वायरी एकाच खांबावरून येत नाहीत ना ते बाहेर जाऊन स्वतः डोळ्यांनी बघा. आमच्याकडे दोन्ही एकाच खांबावरून येत होत्या आणि उसाच्या ट्रॅक्टरने दोन्ही एकदम तोडल्या. केबलवाल्याकडून तात्पुरतं कनेक्शन मिळतं, चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. दोन कनेक्शन घेणारा राउटर असला की एक गेलं की दुसरं आपोआप उचलतो, पण चालू मॅचमध्ये पोरं क्षणभर बाहेर फेकली जातातच, हे धरून चाला. "आपापल्या सिमवर खेळा" हा उपाय दिसायला सोपा आहे, करून बघा, तालुक्याचा एक टॉवर आणि एका हॉलमध्ये ६४ जण, वर रविवारची संध्याकाळ.

आदल्या रात्री वीस-पंचवीस मित्र बोलवा, सगळ्यांना हॉलमध्ये बसवा आणि एक मॅच खरोखर खेळा. गेममध्ये दिसणारा पिंग ८० च्या खाली आणि हिरवा राहिला पाहिजे. राहिला नाही तर रात्र तुमची आहे, सकाळ नाही.

लाईट

लाईट जाणारच असं धरून चला. नेटचं सगळं सामान, म्हणजे दोन्ही कंपन्यांचे डबे, राउटर, स्विच, चार ॲक्सेस पॉइंट, मिळून ८०-९० वॉटच्या आसपास खातं. घरातला १५० एएचचा बॅटरी-इन्व्हर्टर उचलून आणला तर अर्धीच बॅटरी धरली तरी आठ-नऊ तास निघतात. फक्त त्या इन्व्हर्टरवर दुसरं काहीही नको, पंखा नको, चार्जर तर नकोच. बोर्डावर चिकटपट्टी मारून ठेवा.

कूलर आपल्या कोरड्या हवेत मस्त चालतो, पण त्याचं तोंड स्विच आणि एक्स्टेन्शन बोर्डाकडे ठेवू नका, पाण्याचे थेंब उडतात.

फोन चार्जिंगला लावून खेळू देऊ नका, दुप्पट तापतो. दोन मॅचच्या मध्ये १५ मिनिटं चार्जिंग, तेवढ्यात कव्हर काढून फोन पंख्याखाली पालथा ठेवायचा.

नोंदणी

गुगल फॉर्म बनवा. टीमचं नाव, चौघं अधिक एक राखीव, प्रत्येकाचं गेममधलं नाव आणि कॅरेक्टर आयडीचा नंबर. नंबर अतिशय महत्त्वाचा, कारण नावं कशी असतात ते तुम्हाला माहितीये, अर्धी अक्षरं कोरियन, मध्ये कवटी, शेवटी राजे. स्कोअर लिहिणाऱ्याला ते वाचताच येत नाही. नंबर जुळला की माणूस तोच, नाहीतर आदल्या दिवशी कोणीतरी धुळ्याहून भाड्याचा प्लेयर आणतो आणि त्याला आपल्या मावसभावाच्या नावावर बसवतो.

वय. बीजीएमआयमध्ये १८ च्या खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. आता हिशोब करा, पाच मॅच झाल्या की अडीच तास गेले, आणि पोरगा सकाळी उठून घरी दोन मॅच खेळून आलेला असला तर चौथ्या-पाचव्या मॅचमध्ये गेम त्याला सरळ घरी पाठवतो. हे आमच्याकडे फायनलला झालंय, टीम तिघांवर आली. म्हणून आम्ही आता १८ पूर्णचीच अट ठेवतो. लहान मुलांची घ्यायची असेल तर तीनच मॅच ठेवा आणि आई-वडिलांच्या सहीचा कागद घ्या. वय बघायला आधारचे फोटो व्हॉट्सॅपवर मागवू नका, दारावर कार्ड बघा आणि तिथेच परत द्या.

फॉर्मच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा, गेम अपडेट करून आणि सगळे मॅप डाउनलोड करूनच यायचं. नाहीतर हॉलमध्ये येऊन नऊ जण तुमच्या वायफायवर सॅनहॉकचा मॅप डाउनलोड करत बसतात. इअरफोन वायरवालेच आणा हेही लिहा. ब्लूटूथवर पावलांचा आवाज उशिरा येतो आणि ते २.४ गिगाहर्ट्झवरच बोलत असल्यामुळे स्वस्त फोनवाल्यांच्या नेटमध्येही पाय अडकवतात.

नियमांचा कागद

तोंडी नियम म्हणजे भांडण. एक पानाचा कागद, प्रत्येक टीमच्या कॅप्टनची खाली सही.

पॉइंट मोठ्या टूर्नामेंटीत चालतात तेच घ्या, स्वतःचं डोकं लावू नका. पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला १-१, पुढे शून्य, आणि प्रत्येक किलला १. हे कागदावर उदाहरण देऊन समजवा, कारण दर वेळी कोणीतरी कॉलर पकडतं. चिकन डिनर मारणाऱ्या, म्हणजे शेवटपर्यंत टिकून मॅच जिंकणाऱ्या टीमचे ३ किल असतील तर १० अधिक ३, झाले १३. पाचव्या आलेल्या टीमने ११ किल काढले तर ३ अधिक ११, झाले १४. म्हणजे जिंकलेली टीम मागे. पारोळ्याच्या पोरांना हे पटायला मला अर्धा तास लागला, शेवटी मातीत काडीने लिहून दाखवलं. फ्री फायरला १२, ९, ८, ७ असं एकेकाने उतरत १ पर्यंत, शेवटच्या दोघांना शून्य, किलला तिथेही १.

बरोबरी झाली तर आधी चिकन डिनर कोणाचे जास्त, मग जागेचे पॉइंट, मग किल.

नेट गेलं तर काय, हे तर लिहाच. आमचा नियम असा, पहिला झोन (गेममधलं आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) बंद व्हायच्या आत तीन किंवा जास्त टीम एकदम बाहेर पडल्या तर मॅच परत. एकट्या-दुकट्याचा फोन बंद पडला तर मॅच चालू, त्याने रिकनेक्ट करायचं. झोन पुढे गेल्यावर काहीही झालं तरी मॅच परत नाही. नियम कठोर वाटेल, पण नसला तर हरणाऱ्या प्रत्येक टीमचं नेट बरोबर शेवटच्या झोनमध्येच जातं.

टॅबलेट बंद, इम्युलेटर (कॉम्प्युटरवर फोनचा गेम चालवायचं सॉफ्टवेअर) बंद. दोन टीमांनी मिळून तिसरीला मारलं आणि रेकॉर्डिंगमध्ये दिसलं तर दोघींची ती मॅच शून्य.

मॅचच्या दिवशी

रूम बनवायला रूम कार्ड लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. आयडी-पास व्हॉट्सॅपवर टाकायचा नाही. मॅचच्या ८ मिनिटं आधी कागदाच्या चिठ्ठ्या कॅप्टनच्या हातात, प्रत्येक मॅचला नवा पासवर्ड. कोणती टीम कोणत्या स्लॉटला हे भिंतीवर लावा, चुकीच्या स्लॉटला बसलेल्याला एकदा हाक मारायची, दुसऱ्यांदा सरळ किक. १६ च्या १६ टीमा मोजल्याशिवाय स्टार्ट दाबायचं नाही, बाहेर कोणीही कितीही ओरडू दे.

एरँगल, मिरामार, सॅनहॉक, परत एरँगल असा काहीतरी मॅपचा क्रम आधीच जाहीर करा. मॅच संपली की निकालाच्या सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट दोन वेगवेगळ्या फोनवर काढा. एक जण शीटमध्ये आकडे भरणार, दुसरा मोठ्याने वाचणार, एकट्याने करू नका. आणि पुढची मॅच सुरू व्हायच्या आत पॉइंट टेबल भिंतीवर. आक्षेप त्या १५ मिनिटांत, नंतर नाही.

लाइव्ह दाखवायचं असेल तर

यूट्यूब चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, सकाळी उठून बटण शोधत बसू नका. ऑब्झर्व्हर (न खेळता नुसता बघणारा) म्हणून एक फोन रूममध्ये घ्या, तो कॅप्चर कार्डने लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपवर ओबीएस हे लाइव्ह सोडायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. ७२० पी पुरतं, अपलोडला ४ एमबीपीएस, आणि ते दुसऱ्या कनेक्शनवरून सोडा, खेळाच्या नाही.

ओबीएसमध्ये ३ मिनिटांचा डिले टाका, नाहीतर घरी बसलेला भाऊ लाइव्ह बघून फोनवर सांगतो की कोण कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे. हॉलमधला मोठा पडदासुद्धा प्लेयरच्या पाठीमागे नाही, वेगळ्या खोलीत. आमच्याकडे पडदा हॉलमध्येच होता आणि अख्खं पब्लिक ओरडत होतं, "मांगे देख रे, मांगे!" मध्ये डीजेची गाणी लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो.

कॉमेंट्री अहिराणीत करा. आमच्याकडे अमळनेरचा एक पोरगा आहे, त्याचं "झोन उना रे भो, पय पय पय!" (झोन आला रे, पळ पळ) ऐकायला गेम न कळणाऱ्या बायासुद्धा मागे उभ्या राहिल्या होत्या, आणि तिसऱ्या मॅचनंतर आप्पा स्वतः खुर्ची घेऊन पुढे येऊन बसले.

बक्षीस आणि आवराआवर

बक्षीस त्याच दिवशी, स्टेजवर, कॅप्टनच्या यूपीआयवर, आणि सहीची पावती घ्या. मोठी रक्कम असेल तर टॅक्सचं आधी सीएला विचारा. भाषणं दोनच. किती स्पॉन्सरने दिले, कुठे गेले, ह्याचा हिशोब भिंतीवरच्या पॉइंट टेबलाच्या शेजारी लावा, आखाजीच्या पत्त्यांचं बोलणारे तिथे येऊन चष्मा लावून वाचतात.

हॉल सोडायच्या आधी चारही ॲक्सेस पॉइंटचे पासवर्ड बदला, शीटची एक कॉपी डाउनलोड करा, आणि केबल गुंडाळताना मोजा. आमची ४० मीटरची एक वायर त्याच रात्री भरीत पार्टीला लाइटिंग ओढायला कोणीतरी नेली, ती अजून परत आलेली नाही.